गावाचे छायाचित्र-दप्तर : सोनपेठ परिसरातील होतकरू छायाचित्रकारांसाठी

छायाचित्रणाचा नाद लागलेल्या, हाती बऱ्यापैकी मोबाइल अथवा घरातील एखादा जुना कॅमेरा असलेल्या, आणि तरीही आपला हात एका ठिकाणी येऊन अडला आहे असे जाणवणाऱ्या वाचकांकडून जे प्रश्न वारंवार येतात, त्यांचा आशय बहुधा एकच असतो. सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी टिपण्याजोगे काय आहे? किमती कॅमेरा घेतल्यावाचून प्रगती होईल काय? बाजारात माणसांची चित्रे घेण्यास कोणाची परवानगी लागते? आणि आपले चित्र दुसऱ्याने परस्पर छापल्यास दाद कोठे मागावी?

या सर्व प्रश्नांच्या मुळाशी, सुंदर स्थळ आणि उंची साधन लाभल्याखेरीज उत्तम चित्र निघत नाही, हा एक समज आहे. तो आपण प्रथम दूर सारावा, अशी आमची विनंती आहे. दृष्टी आणि हात ही दोन्ही, एका मर्यादित विषयाशी ठरावीक मुदतीपर्यंत स्वतःस बांधून घेतल्याने आणि त्याच त्या जागी पुनःपुन्हा परतून गेल्याने तयार होतात. आणि अशा विषयांची सोनपेठ परिसरात मुळीच वाण नाही. शिवाय या भागाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी राजा दीनदयाळ यांच्यासारखा थोर छायाचित्रकार होता. तथापि दरबार, राजवाडे, मानकरी आणि पुरातन वास्तू यांना त्या काळच्या संग्रहांत जे स्थान मिळाले, ते गंगथडीच्या सामान्य गावाला, त्याच्या विहिरीला आणि बाजाराला क्वचितच मिळाले. आपल्या अभ्यासासाठी आपण जे टिपाल, तेच पुढे गावाचे दप्तर ठरेल. म्हणून अभ्यास आणि दस्तऐवज हे दोन्ही हेतू एकत्र ठेवून पुढील सूचना दिल्या आहेत.

स्वतःचा प्रकल्प म्हणजे काय?

एक विषय, एक बंधन आणि एक मुदत यांविषयी स्वतःशी केलेला करार म्हणजे प्रकल्प. रस्त्याने जाता जाता आवडेल ते टिपणे यात आनंद आहे. परंतु त्यात आपल्या उणिवा आपल्यासमोर येत नाहीत, कारण जे साधत नाही ते सोडून देण्याची मोकळीक असते. प्रकल्पात ती मोकळीक नसते, आणि शिक्षण तेथूनच सुरू होते.

याचे अस्सल उदाहरण गोदावरीच्या उगमाशी, त्र्यंबकेश्वरी, १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचे आहे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते छायाचित्रकार होते. १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा स्थिर ठेवला, आणि बीजाला अंकुर फुटून त्याचा वेल होईपर्यंत, महिनाभराच्या काळात, एकेक चौकट टिपून त्या वाढीचा छोटा चित्रपट सिद्ध केला. विषय घरातला, बंधन एका जागेचे, मुदत रोपाने ठरविलेली. त्याच चित्रफितीच्या बळावर त्यांना भांडवल मिळविता आले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

विषय निवडण्याच्या चार कसोट्या

विषय मनात आला म्हणजे तो पुढील कसोट्यांना उतरतो काय, हे कागदावर लिहून पाहावे.

- पोहोच : निदान आठवड्यातून एकदा, खर्चाची चिंता न करता, त्या जागी जाता आले पाहिजे. अजिंठा-वेरूळ रमणीय खरे. परंतु वर्षातून एकदाच जाता येणाऱ्या जागी अभ्यास होत नाही.
- पालट : ऋतू, प्रहर अथवा माणसे यांच्यामुळे विषयात काही तरी बदलत असावे, म्हणजे परत जाण्यास कारण राहते.
- ओळख : तेथील माणसांना आपण कोण आहोत हे ठाऊक असावे, अथवा ओळख करून घेण्याची आपली तयारी असावी.
- एकच अडचण : प्रत्येक प्रकल्पातून एकच कौशल्य साधण्याचे ठरवावे. प्रकाशमापन, रचना, गती, व्यक्तिचित्र हे सारे एकाच वेळी साधू पाहणाराच्या हाती काहीच स्थिर राहत नाही.

विषय एका वाक्यात मावला पाहिजे. ‘सोनपेठचे जीवन’ हा विषय कोणालाही पेलणार नाही; ‘आमच्या गल्लीत सकाळी सातपूर्वी चाललेले पाणी भरणे’ हा पेलेल.

सोनपेठ परिसरात करता येतील असे सात प्रकल्प

१. कुंडीतील अंकुर — स्थिरतेचा अभ्यास. फाळक्यांचा प्रयोग आजच्या मोबाइलवर कोणासही करता येतो. मटकी, हरभरा अथवा वाटाणा कुंडीत पेरावा; कुंडी खिडकीजवळ ठेवावी; मोबाइलसाठी विटांचा टेका करून त्याची जागा खडूने आखून ठेवावी; आणि महिनाभर सकाळी व सायंकाळी ठरलेल्या वेळी एकेक चित्र घ्यावे. कॅमेरा तसूभर हलला तरी तो दोष मालिकेत लगेच दिसतो, त्यामुळे शिस्त अंगी बाणण्यास याहून स्वस्त साधन नाही. पहिला प्रकल्प हाच करावा.

२. एक काठ, बारा महिने — पुनर्चित्रणाचा अभ्यास. सोनपेठजवळून वाहणारी वाण नदी, ती जेथे गोदावरीस मिळते तो वाणीसंगम, अथवा आपल्या शेतातील विहीर, यांपैकी एकच जागा पसंत करावी. उभे राहण्याच्या ठिकाणी दगड रोवावा. कॅमेऱ्याची उंची आणि लेन्सचे माप नोंदवावे. प्रत्येक महिन्याच्या ठरलेल्या तारखेस, त्याच प्रहरी, तेच चित्र घ्यावे. मागील चित्राची प्रत हाती धरून चौकट जुळवावी. भाद्रपदातील तुडुंब पात्र आणि चैत्रातील उघडी वाळू ही दोन चित्रे शेजारी मांडली म्हणजे मराठवाड्याच्या पाण्याविषयीचे जे सत्य दिसते, ते एकट्या कोणत्याही चित्रातून दिसत नाही. विहिरीच्या बाबतीत बांधकामातील दगडांचे थर मोजून पाण्याची पातळीही नोंदविता येते.

३. काळी माती, पांढरा कापूस — प्रकाशमापनाचा अभ्यास. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरील देखावा मध्यम करड्या छटेचा आहे असे गृहीत धरून चालते. म्हणून चौकट काळ्या मातीने भरली असेल, तर यंत्र चित्र अकारण उजळ करते. माती राखाडी होते आणि बोंडातील कापसाचे तंतू पांढऱ्या डागात लोपतात. अशा वेळी प्रकाश एक ते दीड पायरी कमी करावा. याउलट वेचलेल्या कापसाच्या ढिगाने चौकट भरली, तर यंत्र चित्र काळवंडून टाकते. तेथे प्रकाश एक पायरी वाढवावा. मोबाइलवर विषयाला बोटाने स्पर्श करून शेजारी दिसणारी सूर्याची खूण वरखाली केली म्हणजे हेच साधते. दसऱ्याच्या सुमारास पहिली वेचणी सुरू झाल्यापासून पऱ्हाटी उपटली जाईपर्यंत हा अभ्यास चालू ठेवावा. ज्यास काळ्या मातीवरचा पांढरा कापूस साधला, त्यास लग्नमंडपातील काळा कोट आणि शुभ्र टोपी एकाच चौकटीत सांभाळणे जड जात नाही.

४. बाजारातील हात — रचनेचा आणि गतीचा अभ्यास. आठवडी बाजारात चेहरा वगळून केवळ हात टिपावेत : तराजू धरणारे, नोटा मोजणारे, मिरच्या पसरणारे, बांगड्या भरणारे, बैलाचे दात पाहणारे. झूम वापरू नये; पुढे जावयाचे ते पायांनी. शटरचा वेग सेकंदाचा अडीचशेवा भाग अथवा त्याहून अधिक ठेवावा, नाही तर हाताची हालचाल फिसकटते. पार्श्वभूमीत काय येते याकडे बोटांइतकेच लक्ष द्यावे. चेहरा नसल्यामुळे नवशिक्याचा संकोच कमी होतो. परंतु विचारण्याचे कर्तव्य त्यामुळे टळत नाही, हे ध्यानी असू द्यावे.

५. घरातील एक खिडकी — प्रकाशाचा अभ्यास. घर सांभाळणाऱ्या स्त्रिया, परीक्षेच्या अभ्यासात गुंतलेले विद्यार्थी, प्रकृतीमुळे बाहेर पडू न शकणारे वृद्ध यांना आम्ही हा प्रकल्प आग्रहाने सुचवितो. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेले प्राग येथील छायाचित्रकार जोसेफ सुडेक यांनी १९४० ते १९५४ या काळात आपल्या स्टुडिओच्या खिडकीचीच चित्रे घेतली, आणि ती मालिका जगभर अभ्यासली जाते. आपण एक खिडकी, एक दार किंवा माळवदात उजेडासाठी ठेवलेला झरोका घ्यावा. त्यातून येणारा कवडसा सकाळी कोठे पडतो, दुपारी कोठे सरकतो, चुलीच्या धुरात अथवा पावसाळी आभाळात त्याचा पोत कसा पालटतो, हे दररोज एका चित्रात बांधावे. फ्लॅश वर्ज्य.

६. माळवदाची घरे आणि त्यांची दारे — समान मांडणीचा अभ्यास. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने १९५९ पासून पाण्याचे मनोरे, भट्ट्या आणि कारखाने एकाच समोरील कोनातून, ढगाळ सपाट प्रकाशात टिपले व ती चित्रे ओळींनी मांडली. हीच रीत आपल्या गावातील जुन्या घरांना लावावी. दगडी चौकट, ढेलज, ओटा, कोनाडा, धान्याचे बळद यांपैकी एकच अंग निवडून तशी निदान वीस चित्रे घ्यावीत. कॅमेरा भिंतीशी काटकोनात, उभ्या रेषा सरळ, अंतर शक्य तितके समान. माळवदे उतरवून त्या जागी स्लॅबची घरे उभी राहत आहेत. म्हणून या प्रकल्पात दिरंगाई करू नये, आणि प्रत्येक घराची बांधणी कोणी व केव्हा केली याविषयी घरातील वडीलधाऱ्यांची जबानी सोबत लिहून घ्यावी.

७. एक कुटुंब, एक दिवस, अनेक वर्षे — व्यक्तिचित्राचा अभ्यास. अमेरिकेतील निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचे दरवर्षी एक चित्र, त्याच क्रमाने उभे करून, चार दशकांहून अधिक काळ घेतले. आपणास यासाठी श्रावणी अमावास्येचा पोळा आयताच सापडतो. सजविलेल्या बैलांसह घरातील सर्व माणसे त्याच अंगणात, त्याच क्रमाने उभी करावीत. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला तर तो उभा करावा. कोणी शिक्षणास अथवा नोकरीस पुण्यास गेले तर त्याची जागा रिकामी ठेवावी. वर्षाकाठी एकच चित्र असल्याने त्याची तयारी आधीपासून नीट करण्याची सवय लागते.

माणसांच्या श्रमावर काम करावयाचे असल्यास

हात थोडा स्थिर झाला म्हणजे बहुतेकांना माणसांच्या जगण्याकडे वळावेसे वाटते, आणि ती इच्छा रास्त आहे. आपल्या भागातून, तसेच शेजारच्या बीड जिल्ह्यातून, मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस जाणारी कुटुंबे हा या परिसराचा मोठा विषय आहे. दिवाळीच्या मागेपुढे गाड्या भरतात, कारखान्याच्या परिसरात कोप्या पडतात, आणि गाळप संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी माणसे परततात. या विषयास हात घालण्यापूर्वी मराठी छायाचित्रकारांनी असे काम कसे केले ते पाहावे. मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे टिपणारे, अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांनी तमाशा आणि वारी या विषयांवर प्रदीर्घ काम करून ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ आणि ‘वारी : एक आनंदयात्रा’ ही पुस्तके सिद्ध केली. अशा कामांत दिसणारा विश्वास एका भेटीत मिळत नाही.

म्हणून शंभर कुटुंबांच्या मागे न लागता एकच कुटुंब घ्यावे. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीबाहेर काढू नये. दुसऱ्या भेटीत त्यांना हवे असलेले चित्र, मुलांचे, आजीचे, जोडप्याचे, घेऊन त्याची छापील प्रत द्यावी. आपले काम त्यानंतर सुरू करावे.

साधने : काय पुरे, काय अनावश्यक

- मोबाइल पुरे आहे. पहिल्या पाचही प्रकल्पांना तो पुरतो. लेन्स दररोज मऊ कापडाने पुसावी. फिक्या धुरकट चित्रांचे कारण पुष्कळदा बोटाचा डागच असतो.
- जुना कॅमेरा मिळाल्यास त्यावर एकच लेन्स सहा महिने वापरावी. सोयीनुसार ३५ अथवा ५० मिलिमीटरची घ्यावी.
- तिपाई प्रारंभी नसली तरी चालते; धान्याची अर्धी भरलेली छोटी पिशवी कॅमेऱ्याखाली टेका म्हणून चांगली ठरते.
- मूळ स्वरूपात साठवण : यंत्रात ‘रॉ’ची सोय असल्यास महत्त्वाची चित्रे त्या स्वरूपात घ्यावीत.
- ऊन आणि धूळ : मे महिन्यात मोबाइल वा कॅमेरा दुचाकीच्या डिकीत ठेवू नये. पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावा.

प्रकाशाविषयी एक स्थानिक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. सोनपेठ सुमारे १९ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. अशा उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि भिंतीचा पोत हरपतो. उन्हाळ्यात चित्रण सकाळी नऊपूर्वी अथवा सायंकाळी पाचनंतर करावे. दुपारी काम करणे भागच असेल तर माणसास निंबाच्या अथवा पडवीच्या सावलीत, उजेडाकडे तोंड करून बसवावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दिवसभर तिरपा प्रकाश मिळतो; हुरड्याचे दिवस म्हणूनच या भागात चित्रणास सर्वांत अनुकूल होत.

पहिल्या तीन महिन्यांचा क्रम

1. पहिला आठवडा : विषय एका वाक्यात, बंधन दुसऱ्या वाक्यात आणि अखेरची तारीख तिसऱ्या वाक्यात वहीत लिहावी. घरातील एका माणसास ते वाचून दाखवावे.
2. दुसरा ते चौथा आठवडा : ठरलेल्या दिवशी जावे. चित्रे मोकळ्या हाताने घ्यावीत, परंतु त्याच रात्री पाहू नयेत. दोन दिवसांनी पाहावीत, म्हणजे घेतानाचा उत्साह निवून दोष स्पष्ट दिसतात.
3. पाचवा आठवडा : आतापर्यंतची दहा चित्रे पोस्टकार्डाच्या आकारात छापून जमिनीवर पसरावीत. कोणती एकसारखी आहेत? काय अजिबात आलेले नाही? त्याची यादी करावी.
4. सहावा ते दहावा आठवडा : त्या यादीवरच काम करावे. दूरची चित्रे पुष्कळ असल्यास जवळची घ्यावीत; सकाळचीच असल्यास सायंकाळी जावे.
5. अकरावा व बारावा आठवडा : चित्रण थांबवावे. बारा ते वीस चित्रे निवडून त्यांचा क्रम लावावा. प्रत्येक चित्राने मागील चित्रात नसलेले काही सांगितले पाहिजे. जे सांगत नाही ते, कितीही आवडते असले तरी, काढून ठेवावे.

वर्षभर चालणाऱ्या प्रकल्पांना, जसा नदीचा, हाच क्रम महिन्यांच्या मापाने लावावा.

नोंद आणि जतन

तपशील नसलेले चित्र काही वर्षांत मुके होते. म्हणून प्रत्येक निवडलेल्या चित्रामागे तारीख, गाव, जागा, चित्रातील इसमाचे नाव त्याने सांगितले तसे, चाललेले काम आणि दिलेली संमती यांची नोंद करावी. पीक, अवजार, घराचे अंग यांची नावे तेथील माणसे वापरतात तीच लिहावीत.

चित्रांच्या मूळ प्रती मोबाइलखेरीज आणखी दोन ठिकाणी असाव्यात, आणि त्यांपैकी एक ठिकाण घराबाहेरचे असावे. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविलेल्या चित्राचा आकार घटतो. त्यामुळे ती प्रत मूळ समजू नये. मूळच पाठवावयाची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

परवानगी आणि मर्यादा

सार्वजनिक जागी छायाचित्र घेण्यास सरसकट मनाई करणारा कायदा नाही. तथापि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात निःसंदिग्धपणे ठरविले आहे. व्यवहारात पुढील नियम पाळावेत.

- आधी विचारावे. विचारल्याने क्षण निसटला तर चित्र घेतल्यावर तरी दाखवावे, आणि हरकत घेतल्यास त्यांच्यासमोर पुसून टाकावे.
- मुलांचे चित्र आईवडिलांच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नये.
- नदीघाटावर स्नान करणाऱ्या स्त्रियांकडे कॅमेरा वळवू नये. स्त्रीची खासगी कृती तिच्या संमतीवाचून टिपणे अथवा पसरविणे हा १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ अन्वये गुन्हा आहे.
- मंदिर, मशीद, दर्गा येथे व्यवस्थापकांची आणि रेल्वे स्थानक, कारखाना, शासकीय कचेरी, वीज केंद्र येथे संबंधित अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅश निषिद्ध आहे.
- चित्र जाहिरातीसाठी वापरले जाणार असेल, तर चित्रातील व्यक्तीची लेखी संमती घ्यावी.
- अपघात, अंत्ययात्रा, आत्महत्येने उद्ध्वस्त झालेले घर, अशा ठिकाणी कायद्याची आडकाठी नसली तरी सदसद्विवेकाची असते. कुटुंबाने स्वतः बोलाविल्याखेरीज तेथे कॅमेरा नेऊ नये.

आपल्या चित्रावर आपला हक्क

या विषयात वाचकांचा गोंधळ सर्वाधिक दिसतो. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ यातील उपयुक्त तरतुदी अशा :

- चित्र घेणारी व्यक्ती हीच त्याची कर्ती आणि सामान्यतः पहिली मालक असते. हक्क चित्र घेताच उत्पन्न होतो; त्यासाठी नोंदणी अनिवार्य नाही.
- २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो.
- कोणी मोबदला देऊन आपल्याकडून चित्रे काढवून घेतली, उदाहरणार्थ लग्नाची, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक मोबदला देणारा असतो. नोकरीच्या ओघात काढलेल्या चित्रांचा मालक, तसाच करार नसल्यास, धनी असतो. म्हणून काम स्वीकारतानाच आपल्या संग्रहात व प्रदर्शनात चित्र वापरण्याची मुभा लिहून घ्यावी.
- हक्काचे हस्तांतरण लेखीच व्हावे लागते. मुदत लिहिली नसल्यास ती पाच वर्षांची धरली जाते.
- हक्क विकला तरी कर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो.

कोणी चित्र परस्पर वापरल्यास प्रथम मूळ फाइल आणि नोंदवहीतील नोंद पुराव्यादाखल सुरक्षित करावी. छापलेल्या पानाची अथवा पडद्याची तारखेसह प्रत घ्यावी. मग श्रेय अथवा मोबदला मागणारे लेखी पत्र पाठवावे. बहुतेक तंटे येथेच मिटतात. न मिटल्यास दूरच्या शहरी धाव घ्यावी लागत नाही : फिर्यादी जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात, म्हणजे आपल्या बाबतीत परभणीस, दावा लावण्याची सोय याच अधिनियमाने दिली आहे.

नेहमी आढळणारे दोष

- मधेच विषय सोडणे. तिसऱ्या-चौथ्या फेरीस कंटाळा येतोच. सोपी चित्रे संपल्याची ती खूण आहे. नवे दिसू लागते ते त्यानंतर.
- दैन्याचे प्रदर्शन. फाटके वस्त्र आणि सुरकुतलेला चेहरा यांवर जिंकलेली वाहवा छायाचित्रकाराच्या कौशल्याची नसते. माणूस कामात, विचारात, आनंदात असतानाही टिपावा.
- रंगांचा अतिरेक. संस्करणात माती तांबडी आणि आभाळ गडद निळे केले की सोनपेठची काळी जमीन ओळखू येईनाशी होते.
- पसंतीच्या आकड्यांवरून निवड. समाजमाध्यमांवर अधिक वाखाणलेले चित्र मालिकेत निरुपयोगी असू शकते. निवडीसाठी दोन जाणत्या माणसांचे मत घ्यावे : एक चित्रकला जाणणारा, दुसरा तो विषय जाणणारा.

काम पुरे झाल्यावर

मोबाइलमध्ये पडून राहिलेला प्रकल्प अपुराच समजावा. पहिला छापील संच ज्यांची चित्रे घेतली त्यांना द्यावा. दुसरा संच गावातील शाळेस अथवा वाचनालयास, नोंदींसह, पावती घेऊन सुपूर्द करावा. प्रदर्शनासाठी मोठ्या दालनाची वाट पाहू नये : ग्रामपंचायतीची भिंत, शाळेचा व्हरांडा अथवा देवळाची ओसरी पुरेशी आहे, आणि १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन अथवा १९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन हे निमित्त म्हणून योग्य आहेत. ग्रामीण श्रमाविषयीचे काम विशेष जमले असेल, तर पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या आणि मराठीतही मजकूर देणाऱ्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संग्रहाकडे प्रस्ताव पाठवून पाहावा.

प्रदर्शनात लोक काय म्हणतात ते लक्षपूर्वक ऐकावे, कारण त्या जागेविषयी त्यांचे ज्ञान आपल्याहून जुने आहे. एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने विहिरीचे चित्र पाहून सांगितलेली माहिती त्याच दिवशी नोंदवहीत चढवावी. मग आपल्या मालिकेतील सर्वांत दुबळी तीन चित्रे वेगळी काढून ती का दुबळी राहिली, प्रकाश चुकला, अंतर चुकले की माणसाशी ओळख कमी पडली, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. जे कारण तीनपैकी दोन चित्रांना लागू पडेल, तेच पुढील प्रकल्पाचे प्रयोजन ठरवावे, आणि त्याची पहिली तारीख त्याच पानावर घालावी.